आकाशांतून चित्रण : काच आणि तोल

सन १८५८ मध्यें पॅरिसजवळील पेती-बिसेत्र या खेड्यावर वायूनें भरलेला एक मोठा फुगा दोरखंडांनीं जमिनीशीं जखडून वर चढविण्यांत येत असे. फुग्याखालच्या टोपलींत एक गृहस्थ, एक अवजड कॅमेरा आणि जाड कापडाचा एक लहानसा अंधारा तंबू असे. त्या गृहस्थाचें नांव फेलिक्स तुर्नाशाँ. पण सारें पॅरिस त्याला नादार या टोपणनांवानेंच ओळखी. व्यंगचित्रकार, लेखक आणि छायाचित्रकार अशी त्याची तिहेरी ख्याति होती. पृथ्वीचें चित्र आकाशांतून घ्यावयाचें, या एका गोष्टीनें त्या दिवसांत त्याला पछाडलें होतें.

त्या काळीं छायाचित्राची काच बाजारांत तयार मिळत नसे. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि ओली असतांनाच धुऊन काढावयाची, असा क्रम होता. नादारनें हें सारें टोपलींतील तंबूंत बसून केलें. परंतु दर वेळीं काच काळी निघाली. त्यानें रसायनें बदललीं, भांडीं पुन्हां पुन्हां घासलीं, तरी फळ तेंच. अखेरीस दोष ध्यानांत आला. फुगा वर जातांना त्यांतील वायु पसरतो आणि जास्तीचा वायु खालच्या तोंडावाटें बाहेर पडतो. या वायूंत गंधकाचा अंश असे, तो थेट टोपलींत उतरे आणि चांदीच्या क्षारास काळें करी. घरांतील चांदीचें भांडें महिन्यांनीं काळवंडतें, तोच प्रकार येथें पाहतां पाहतां घडत होता.

दुसऱ्या खेपेस नादारनें फुग्याचें तोंड बंद ठेवलें. फुग्याची वर उचलण्याची शक्ति त्या दिवशीं कमी पडली, म्हणून त्यानें नको तें सर्व सामान खालीं टाकलें, अंगावरचे जड कपडेहि उतरविले आणि तो कसाबसा ८० मीटर उंच गेला. या वेळीं काचेवर एक शेतघर, एक खाणावळ व शिपायांची चौकी उमटली. रस्त्यावर थबकलेली गाडी आणि कौलांवर नुकतींच येऊन बसलेलीं दोन पांढरीं कबुतरेंहि त्यांत ओळखूं येत होतीं, असें त्यानें पुढें आपल्या आठवणींत लिहिलें आहे. तें चित्र आज उपलब्ध नाहीं.

आकाशचित्रणाच्या पुढील सर्व इतिहासाचें सूत्र या पहिल्या प्रसंगांतच सांपडतें. वर चढणें नादारला आधींच साधलें होतें. चित्र बिघडत होतें तें वर गेल्यानंतर. जें नको तें काचेपर्यंत पोंचूं न देणें, हेंच खरें काम होतें. हें ‘नको तें’ पुढील दीड शतकांत मुख्यतः दोन रूपांनीं पुढें आलें. एक, नको असलेला उजेड. दुसरी, नको असलेली हालचाल. आज लग्नसमारंभावर किंवा किल्ल्याच्या बुरुजावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या भिंगापुढें ज्या बारीक काचा बसवितात आणि त्याच्या कॅमेऱ्याला जी तीन आंसांची डोलती बैठक असते, ते या दोन शत्रूंवरचेच उपाय होत. दोहोंची किंमत माणसांनीं मोठी मोजलेली आहे.

प्रथम हालचालीचा विचार करूं. अमेरिकेंत बोस्टन शहरीं १३ ऑक्टोबर १८६० रोजीं जेम्स वॉलेस ब्लॅक हा छायाचित्रकार सॅम्युएल किंग या फुगेवाल्याबरोबर सुमारें १२०० फूट उंच चढला आणि त्यानें शहराचें चित्र घेतलें. आकाशांतून घेतलेल्या उपलब्ध चित्रांत तें सर्वांत जुनें मानलें जातें. त्यांत बंदरावरील गोद्या आणि वांकडेतिकडे रस्ते ओळखूं येतात. परंतु फुगा एका जागीं स्थिर राहत नाहीं; तो वाऱ्यानें सरकतो आणि स्वतःभोंवतीं हळूहळू फिरतोहि. ओल्या काचेला उजेड पुष्कळ वेळ द्यावा लागे, आणि तेवढ्या वेळांत टोपली हलली कीं घरांच्या कडा पुसट झाल्याच. पुढें कोरड्या व अधिक शीघ्रग्राही काचा निघाल्या तेव्हां ही अडचण कमी झाली, नाहींशी झाली नाहीं.

फुग्याचा खर्च आणि धोका पाहून कांहींनीं माणसाला खालींच ठेवण्याचा विचार केला. फ्रान्समध्यें आर्थर बातू यानें १८८८ सालीं पतंगाला हलका कॅमेरा बांधला आणि शटर सोडण्यासाठीं जळती वात लावली. वात जळत शेवटाला आली कीं शटर आपोआप सुटे. पतंगाच्या दोरीला हिसका बसूं नये, कॅमेरा पतंगाच्या अंगालाच घट्ट असावा, शटर अतिशय जलद असावें, अशा अनुभवाच्या गोष्टी त्यानें १८९० सालीं स्वतंत्र पुस्तकांत मांडल्या. ड्रोन हा शब्द कोणाच्या स्वप्नांतहि नसतांना, माणूस जमिनीवर आणि डोळा आकाशांत, ही कल्पना त्यानें अशी प्रत्यक्षांत आणली.

या मार्गानें सर्वांत पुढें गेला तो शिकागोचा जॉर्ज लॉरेन्स. तो आरंभीं फुग्यांतूनच चित्रें घेत असे. १९०१ सालीं त्याची टोपली फुग्यापासून सुटली आणि तो दोनशें फुटांहून अधिक उंचीवरून खालीं आला. वाटेंत तारायंत्राच्या व टेलिफोनच्या तारांनीं त्याला झेललें म्हणूनच तो वांचला. त्यानंतर त्यानें पतंगांचा आश्रय केला. १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें हादरलें आणि मागाहून लागलेल्या आगीनें बेचिराख झालें. २८ मे रोजीं लॉरेन्सनें सतरा पतंगांची माळ आकाशांत चढवून २२ किलो वजनाचा कॅमेरा सुमारें २००० फुटांवर नेला. एवढा जड कॅमेरा दोरीवर झोके घेऊं लागता तर सर्व श्रम वायां जाते. म्हणून त्यानें कॅमेऱ्याला तीन लांब दांडे लावले, त्यांच्या टोंकांपासून रेशमी दोऱ्या घेतल्या आणि त्या खालीं एकत्र आणून तेथें शिशाचें वजन टांगलें. गंवडी भिंतीची सरळता पाहण्यासाठीं जो ओळंबा धरतो, त्याचेंच हें मोठें रूप होतें. वारा पतंगांना ओढी, पण ओळंबा कॅमेऱ्याला सरळ ठेवी. शटर दोरांतून नेलेल्या विजेच्या तारेनें सुटलें. सुमारें चार फूट रुंदीच्या एकाच चित्रांत तें सारें उद्ध्वस्त शहर आलें. कोणता भाग जळला, कोठें भिंती उभ्या राहिल्या आणि बंदरालगतचा कोणता पट्टा बचावला, हें त्यांत आजहि वाचतां येतें. चित्र हललें असतें तर ती साक्ष कायमची बुडाली असती.

यापुढें विमानाचें युग आलें. २४ एप्रिल १९०९ रोजीं रोमजवळील चेंतोचेल्ले येथें विल्बर राइट यानें आपल्या विमानांत एका चलच्चित्रकाराला बसविलें. विमानांतून घेतलेलें पहिलें चलच्चित्र तेंच. साध्या छायाचित्रापेक्षां चलच्चित्रांत स्थैर्याचा प्रश्न अधिक बिकट असतो. एखादें छायाचित्र हललें तर तें टाकून दुसरें घेतां येतें. चलच्चित्रांत एका सेकंदांत अनेक चित्रें एकामागून एक जातात आणि त्यांतील एकाचा दुसऱ्याशीं मेळ नसला कीं पडद्यावरची भूमि थरथरूं लागते. पाहणाऱ्याचें लक्ष दृश्यावरून उडून त्या थरथरीवर जातें. पहिल्या महायुद्धांत विमानांतील कॅमेऱ्याला मोठें महत्त्व आलें. मार्च १९१५ मधील न्यव-शापेलच्या लढाईपूर्वीं ब्रिटिशांनीं शत्रूच्या खंदकांचे नकाशे विमानचित्रांवरून तयार केले होते. परंतु इंजिनाची धडधड कॅमेऱ्याच्या हाडांत शिरे. ती अडविण्यासाठीं कॅमेरा विमानाच्या अंगाला थेट न जोडतां मध्यें रबर व स्पंज घालण्याची युक्ति रूढ झाली. बारीक कंप अशा मऊ बैठकींत जिरत. मोठे हेलकावे मात्र तसेच राहत.

आतां उजेडाकडे वळूं. उंचावरून पाहिलें म्हणजे दूरच्या प्रदेशावर निळसर धुरकट पडदा पसरलेला दिसतो. हवेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षां फार अधिक विखुरतात, हें लॉर्ड रॅले यानें १८७१ सालीं गणितानें दाखविलें. ज्या कारणानें आकाश निळें, त्याच कारणानें दूरचा डोंगरहि निळा. जुन्या काचांची दृष्टि तर केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशापुरतीच होती. म्हणजे मनुष्याला जेथें थोडें धुकें दिसे तेथें काचेला दाट धुकें दिसे. १८७३ सालीं हर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञाला असें आढळलें कीं, कांहीं रंगद्रव्यें मिसळल्यास काचेला हिरवा व पिवळा प्रकाशहि दिसूं लागतो. १९०६ सालीं इंग्लंडांत रॅटन आणि वेनराइट या कंपनीनें सर्व रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा विक्रीस आणल्या. याच कंपनीच्या रंगीत फिल्टरांना पुढें जगभर नांव मिळालें.

काचेला इतर रंग दिसूं लागल्यावर भिंगापुढें पिवळा फिल्टर लावण्यांत अर्थ आला. पिवळी काच निळा प्रकाश अडविते. त्याबरोबर धुक्याचा बराचसा पडदाहि अडतो आणि खालची शेतें, रस्ते, खंदक स्पष्ट होतात. नारिंगी व तांबडी काच याहून अधिक कडक. परंतु या लाभाला किंमत होती. फिल्टर उजेडाचा कांहीं भाग खातो, म्हणून शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें; आणि शटर अधिक वेळ उघडें राहिलें कीं विमानाची हालचाल चित्रांत शिरते. एका शत्रूला अडवावें तर दुसऱ्याला वाट मिळावी, असा हा पेंच होता. म्हणूनच काचेचा इतिहास आणि तोलाचा इतिहास एकमेकांपासून वेगळा काढतां येत नाहीं. जितकी बैठक स्थिर, तितकी गडद काच वापरण्याची सोय अधिक.

उजेडाचा दुसरा उपद्रव म्हणजे चकाकी. पाणी, ओलीं पानें, कांच, पत्रे यांवरून परतलेला प्रकाश त्यांचा स्वतःचा रंग झांकून टाकतो. १८०८ सालीं एत्येन मालुस हा फ्रेंच अभियंता पॅरिसमधील लक्झेंबुर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारें मावळतें ऊन एका स्फटिकांतून पाहत होता. स्फटिक फिरवितांच तें प्रतिबिंब मंद होतें, असें त्याला आढळलें. परतलेला प्रकाश एकाच दिशेनें कंपित झालेला असतो आणि योग्य स्फटिक तो अडवूं शकतो, हें त्यावरून सिद्ध झालें.

या शोधाचा एक अत्यंत सुंदर उपयोग एका भारतीयानें केला. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन हे ‘नारकुंडा’ जहाजानें विलायतेहून परत येत होते. समुद्राचा निळेपणा हें केवळ आकाशाचें प्रतिबिंब आहे, ही रॅलेसारख्या थोर शास्त्रज्ञाची समजूत त्यांना पटत नव्हती. त्यांनीं खिशांतील निकोल लोलकांतून, पृष्ठावरची चकाकी विझेल अशा कोनानें, समुद्राकडे पाहिलें. आकाशाचें प्रतिबिंब नाहींसें झालें, तरी समुद्र निळाच राहिला. उलट तो अधिकच गर्द दिसला. निळा रंग पाण्याच्या आंतून येत होता. यासंबंधींचें त्यांचें पत्र मुंबई बंदरांत उभ्या असलेल्या जहाजावरूनच, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेनें, ‘नेचर’ या नियतकालिकाकडे रवाना झालें. वरवरची चकाकी दूर केली म्हणजे वस्तूचें स्वतःचें रूप दिसतें, हें फिल्टरचें तत्त्व याहून चांगल्या रीतीनें कोणीं सांगितलें नसेल. पुढें १९२९ सालीं एडविन लँड या तरुण अमेरिकनानें स्फटिकाऐवजीं पातळ पापुद्र्याचा पोलरायझर तयार केला आणि ही वस्तु कोणत्याहि कॅमेऱ्याच्या आटोक्यांत आली.

तोलाच्या साधनेंतील सर्वांत करुण प्रकरण आल्बेर लामोरिस याचें आहे. लहान मुलगा आणि त्याच्यामागें गल्लोगल्लीं फिरणारा तांबडा फुगा यांची १९५६ सालची त्याची छोटी चित्रकथा जगभर गाजली. पुढें त्याला फुग्याच्याच नजरेनें फ्रान्स देश दाखवावयाचा होता. हेलिकॉप्टरांतून चित्र घ्यावें तर तें यंत्र पिंपळाच्या पानासारखें अखंड थरथरत असतें. म्हणून त्यानें कॅमेऱ्याची कंप न पोंचणारी एक खास बैठक बनवून घेतली आणि तिला ‘हेलिव्हिजन’ असें नांव दिलें. तिच्या साहाय्यानें काढलेला १९६० सालचा त्याचा चित्रपट पाहतांना, आपण यंत्रांत बसलों नसून वाऱ्यावर तरंगत आहों, असा भास होतो. दहा वर्षांनीं इराण देशावरील असाच चित्रपट काढीत असतांना, जून १९७० मध्यें कराज धरणाजवळ त्याचें हेलिकॉप्टर कोसळून तो मरण पावला. वयाची पन्नाशीहि त्यानें गांठली नव्हती. त्याच्या टिपणांच्या आधारें पत्नीनें व मुलानें तो चित्रपट १९७८ सालीं पुरा केला. पाहणाऱ्याच्या डोळ्याला धक्का बसूं नये, एवढ्यासाठीं किती जोखीम पत्करली जात असे, याची ही साक्ष होय.

माणसाला धोक्याबाहेर ठेवून तोच तोल साधणें शक्य झालें तें दोन जुन्या कल्पनांच्या संयोगानें. पहिली कल्पना दर्यावर्दींची. जहाज कितीहि डोललें तरी होकायंत्र सपाट राहावें, म्हणून तें एकांत एक बसविलेल्या आणि स्वतंत्रपणें फिरणाऱ्या कड्यांत टांगीत. हेंच गिंबल. दुसरी कल्पना भोंवऱ्याची. वेगानें फिरणारा भोंवरा आपली दिशा सहसा सोडीत नाहीं. या गुणावर फ्रान्सच्या लेओं फूको यानें १८५२ सालीं जायरोस्कोप बनविला. पुढें कॅमेऱ्याच्या बैठकींत जायरोस्कोप आले, पण ते जड व फार महाग. विसाव्या शतकाच्या अखेरीस सिलिकॉनच्या कणाएवढ्या भागावर कंप पावणारे सूक्ष्म जायरोस्कोप निघाले. ते सेकंदाला शेंकडों वेळां कॅमेऱ्याचा कल मोजतात. यंत्र डावीकडे कललें कीं लहानशी मोटार कॅमेऱ्याला तितकेंच उजवीकडे वळविते. चीनमधील शेन्झेन येथें २००६ सालीं स्थापन झालेल्या डीजेआय कंपनीनें २०१३ सालच्या जानेवारींत ‘फँटम’ नांवाचा तयार ड्रोन बाजारांत आणला. त्याच मालिकेंतील २०१४ सालच्या एका ड्रोनला तिन्ही आंसांवर तोल सांभाळणारें गिंबल लावलेलें होतें. लॉरेन्सचा ओळंबा आणि लामोरिसची बैठक या दोहोंचें काम तळहातावर मावणाऱ्या यंत्रांत आलें.

तथापि, एवढ्यानें चित्र आपोआप चांगलें होत नाहीं. नव्यानें ड्रोन घेणाऱ्याची पहिली निराशा भर उन्हांत होते. चित्र लखलखीत येतें, पण हालचाल तुटक तुटक भासते. याचें कारण गणितानें सांगतां येतें. चलच्चित्रांत सेकंदाला २५ चित्रें घेतलीं तर प्रत्येक चित्राला त्याच्या वांट्याच्या काळाच्या निम्मा काळ, म्हणजे १/५० सेकंद, उजेड द्यावा, असा सिनेमाच्या जुन्या फिरत्या शटरापासून चालत आलेला संकेत आहे. तेवढ्या काळांत हलणारी वस्तु किंचित् पुसट होते आणि ती पुसटताच एक चित्र दुसऱ्याशीं मऊपणें सांधते. परंतु कडक उन्हांत, संवेदनशीलता १०० असतां आणि भिंगाचें छिद्र एफ २.८ इतकें मोठें असतां, शटर सुमारें १/३२०० सेकंदच उघडें ठेवतां येतें. पुष्कळ लहान ड्रोनांच्या भिंगाचें छिद्र कमीजास्त करतां येत नाहीं. मग ३२०० ला ५० नीं भागावें. उत्तर ६४ येतें. म्हणजे भिंगापुढें अशी करडी काच हवी, कीं जी उजेडाचे ६४ भाग आले असतां त्यांतील एकच आंत सोडील आणि रंगांत कांहींहि फरक करणार नाहीं. हिलाच न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, संक्षेपानें एनडी ६४, म्हणतात. ढगाळ दिवशीं एनडी ८ किंवा एनडी १६ पुरतो. सूर्य मावळतीला गेल्यावर बहुधा कोणताच लागत नाहीं. जमीन मोजण्यासाठीं सुटीं चित्रें घ्यावयाचीं असल्यास मात्र नियम उलटा. तेथें पुसटता हा दोष आहे. म्हणून काच काढावी आणि शटर जलद ठेवावें.

पोलरायझर वापरतांनाहि असेंच तारतम्य लागतें. तो पाण्यावरची चकाकी काढतो, पानांचा हिरवेपणा उघड करितो. पण त्याचा परिणाम सूर्याच्या दिशेवर अवलंबून असतो. चित्रण चालू असतां ड्रोन गोल फिरविला तर चकाकी मध्येंच नाहींशी होते आणि मध्येंच परत येते. आकाशहि एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकें दिसतें. म्हणून ही काच लावल्यावर शक्यतों एकाच दिशेनें सरळ उडावें. शिवाय कोणतीहि काच बसवावयाची ती यंत्र सुरू करण्यापूर्वीं. आणि ती त्या गिंबलाच्या मापाची व हलकी हवी. जड काचेनें त्याचा नाजूक तोल बिघडतो.

राहतां राहिला तो उडविणाऱ्याचा हात. गिंबल थरथर जिरवितें, परंतु घाई जिरवीत नाहीं. जाणते लोक एका वेळीं एकच हालचाल करितात. ड्रोन पुढें न्यावयाचा असेल तर तो पुढेंच न्यावा. त्याच वेळीं वर चढविणें, वळविणें आणि कॅमेरा खालीं वांकविणें या तिन्ही गोष्टी करूं नयेत. आरंभ मंद असावा, मध्यें वेग एकसारखा राहावा आणि शेवटहि मंद व्हावा. कॅमेरा सुरू केल्यावर कांहीं क्षण ड्रोन स्थिर ठेवावा, थांबल्यावरहि तितकाच थांबवावा. पुढें चित्रांची जुळणी करतांना हे क्षण कामास येतात. दृश्य आडवें फिरवितांना एखादी वस्तु चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास निदान सात सेकंद लागावे, हा सिनेमावाल्यांचा जुना नियम येथेंहि खरा ठरतो. नियंत्रकाच्या दांड्या मध्याजवळ मऊ राहतील अशी योजना बहुतेक यंत्रांत असते, ती करून घ्यावी. उडण्याचा मंद प्रकार असेल तर तोच निवडावा. सकाळीं वारा पडलेला असतो, ती वेळ साधावी. वारा असल्यास जातांना त्याच्याविरुद्ध जावें, म्हणजे बॅटरी उतरत असतां परतीची वाट वाऱ्याबरोबर होते. उंच जाण्याचा मोह आवरावा. फार उंचावरून भूमि जागच्या जागीं खिळलेली दिसते, तर झाडांच्या शेंड्यांजवळून सावकाश जातांना गतीचा खरा आनंद मिळतो.

हा मोह आवरण्यास आपल्याकडे कायद्याचेंहि साहाय्य आहे. २०१४ सालच्या ऑक्टोबरांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें भारतांत खाजगी ड्रोन उडविण्यास मनाई केली होती. डिसेंबर २०१८ पासून नियमबद्ध परवानगी सुरू झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनीं ती बरीच सुलभ केली. हिरव्या पट्ट्यांतील ४०० फुटांपर्यंतची उंची या नियमांनीं मोकळी ठेवली. नादारचें ते ८० मीटर म्हणजे सुमारें २६० फूट. त्याला हवें होतें तें सर्व तेवढ्यांत मिळालें होतें.

नादारनें १८५८ सालीं आपल्या कल्पनेचें जें पेटंट घेतलें, त्यांत या चित्रांचा एक उपयोग म्हणून जमिनीची मोजणी व मालकीचे नकाशे यांचा उल्लेख होता. त्याच्या हयातींत ती इच्छा सफळ झाली नाहीं. २४ एप्रिल २०२० रोजीं भारत सरकारनें स्वामित्व योजना आरंभिली. खेड्यांतील वस्तीची ड्रोननें मोजणी करून प्रत्येक घरधन्याला त्याच्या जागेचा पुरावा द्यावयाचा, असें तिचें स्वरूप आहे. दोन भावांच्या अंगणांमधील बांध, पिढ्यान्पिढ्या भांडणाचें मूळ ठरलेली एखादी भिंत, कागदावर कधींच न आलेलें एखादें परसूं, हीं सर्व अशा चित्रांत उमटतात. तेथें वीतभर पुसटता म्हणजे कोणाची तरी वीतभर जमीन. दोन पांढरीं कबुतरें ओळखूं येतील इतकें स्वच्छ चित्र मिळावें म्हणून एका गृहस्थानें थंडींत अंगावरचे कपडे उतरविले, ते या दृष्टीनें वायां गेले नाहींत.